जवळ्याच्या वासाचं पुस्तक

उत्कर्षाने पेनाचं टोपण दातांनी उपटलं आणि वहीत दोनचा आकडा घातला.

"आवडता पदार्थ?"

"पुरणपोळी," नंदिनी म्हणाली.

ह्या प्रश्नाला गेली वीस वर्षं ती हेच उत्तर देत आली होती. मासिकांत, रेडिओवर, शाळांच्या स्नेहसंमेलनांत. खरं विचाराल तर पुरणपोळीचा दुसरा घास तिला जात नसे. पण मुलांसाठी लिहिणाऱ्या बाईने पुरणपोळी खावी, चाफा हुंगावा, अशी लोकांची आपली एक समजूत असते, आणि लोकांचा हिरमोड करणं तिच्या जिवावर यायचं.

"आवडतं फूल?"

"चाफा."

"शाळेतली आठवण?"

"चौथीत माझा निबंध पहिला आला, तेव्हा गुरुजींनी स्वतःचं पेन मला बक्षीस दिलं."

हे निम्मं खरं होतं. निबंध होता, पेन नव्हतं.

उत्कर्षा समोरच्या बिल्डिंगमधली, सातवीतली. वडील वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर, मूळचे साताऱ्याकडचे. शाळेच्या भित्तिपत्रकात तिला 'आपल्या परिसरातील मान्यवर' हे सदर मिळालं होतं, आणि नेरूळच्या ह्या सेक्टरात मान्यवर म्हणावं असं दुसरं कुणीच घरी सापडलं नव्हतं. हे तिने आल्या आल्या सांगूनही टाकलं होतं.

"आता मेन प्रश्न. आवडतं पुस्तक?"

नंदिनीने चहाचा कप उचलला. तो केव्हाच रिकामा झाला होता, तरी तिने तो ओठांना लावला.

"पुढचा विचार."

"पुढचा नाहीये. हाच लास्ट. म्हणजे अजून एक आहे, पण तो माझा आहे, शाळेचा नाही." उत्कर्षा खुर्चीच्या टोकाशी सरकली. "'दर बंदराला नवं नाव' मी चार वेळा वाचलंय. शेवटी तिची आई किनाऱ्यावरून तिला हाक मारते ना, ती कुठल्या नावानं मारते? तुमी ते लिहिलंच नाही."

"ते वाचणाऱ्याने ठरवायचं."

"वा! लिहिणार तुमी आणि ठरवायचं आमी?"

नंदिनीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "उद्या ये. दोन्ही उत्तरं उद्या देते."

"उद्या नक्की हां काकू. परवा बोर्डावर लावायचंय. बाई नुसत्या टेन्शन देतात."

ती गेली आणि नंदिनीने टेबलाचा खण उघडला. दहा दिवसांत तिने तो निदान तीस वेळा उघडला असेल. आत एक छापील कागद होता. 'दर बंदराला नवं नाव' ही कथा पाचवीच्या सरकारी पाठ्यपुस्तकात घ्यायची ठरली होती. कागदावर तिच्या सहीसाठी एक ओळ सोडली होती, आणि त्या ओळीच्या वर लिहिलं होतं की प्रस्तुत कथा ही लेखिकेची स्वतंत्र निर्मिती असून अन्य कोणत्याही पुस्तकावरून घेतलेली नाही.

सही करायची म्हटलं की हात जड व्हायचा. कारण कथा घेतलेली होती. सरळ सांगायचं तर चोरलेली होती.

नंदिनी तेव्हा सात वर्षांची होती, आणि नंदिनी नव्हती. गोजरा होती. नेरूळच्या ह्या बिल्डिंगा स्वप्नातही नव्हत्या. खाडी होती, मिठागरं होती, आणि सारसोळ्यातलं त्यांचं कुडाचं घर. त्या घरात एके दिवशी एक पुस्तक आलं. त्याला कव्हर नव्हतं, नाव नव्हतं, लेखकही नव्हता. आई जवळा-सुकट असली सुकी मासळी विकायची, पुड्या बांधायला पनवेलच्या बाजारातून शेर-शेर रद्दी आणायची. त्या रद्दीतलंच असावं. त्याला जवळ्याचा वास यायचा.

पहिल्याच पानावर एक मुलगी होडीत बसलेली, आणि उगवता सूर्य पाण्याला टेकलेला. मुलीचं नाव चंपा. पान उलटलं की ती एका बंदराला लागायची, तिथे एक कावळा चष्मे विकत बसलेला असायचा, आणि तिथे तिला सगळे जण सोनपरी म्हणायचे. पुढच्या बंदराला ती कमळजा व्हायची. गोजराला ह्यात काहीच वावगं दिसलं नाही. तिची आत्या पलीकडच्या गावी नांदायला गेली तेव्हा होडीत बसताना बायजा होती आणि उतरली ती सुमित्रा होऊन. बाई पाणी ओलांडून गेली की तिचं नाव बदलतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मधेच पुस्तकातली अक्षरं ठसठशीत मोठी व्हायची. तिथे लोक ओरडून बोलत असणार, असं गोजराने ठरवून टाकलं. दुपारच्या पानांवर सूर्य डोक्यावर यायचा, नळावर हत्तींची रांग लागायची, एक राजा छत्री विसरल्यामुळे राज्य सोडून जायचा. मग सावल्या लांब व्हायच्या. होड्या परतायला लागायच्या. आकाशभर आडव्या रेघा, पाण्यावर आडव्या रेघा, आणि बस. पुस्तक तिथेच संपायचं. शेवटची पानं नव्हती.

ते पुस्तक तिने किती वेळा वाचलं ह्याचा हिशेब नाही. दुपारी जाळ्यांच्या ढिगावर पालथी पडून ती वाचायची, आणि भरतीचं पाणी घराच्या मागे चुबुक चुबुक करत यायचं, तेव्हा तिला वाटायचं, आपलं घरच सुटलंय आणि चाललंय कुठल्यातरी बंदराला.

शाळेत मात्र ते तिने कधी नेलं नाही. पाचवीला ती बेलापूरच्या शाळेत गेली तेव्हा पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलीने नाक दाबलं आणि बाईंना सांगितलं, "हिच्या दप्तराला वास येतो." अख्खा वर्ग हसला. बाईसुद्धा. त्या दिवसापासून ती दोनदा साबण लावून आंघोळ करायची आणि डब्यात जवळ्याची चटणी नेईनाशी झाली. शाळेतली खरी आठवण ही होती. पुस्तक घरातच राहिलं, आणि पुढे कौलं बदलली त्या धांदलीत कुठेतरी गेलं.

मोठी झाल्यावर, लग्न होऊन नंदिनी झाल्यावर, तिने पहिली गोष्ट लिहिली ती हीच. बंदरं तीच, बदलणारी नावं तीच. शेवट तेवढा तिने घातला. संध्याकाळी मुलगी परत येते आणि किनाऱ्यावरून तिची आई तिला हाक मारते. गोष्टीला बक्षीस मिळालं, नऊ आवृत्त्या निघाल्या, आणि तेव्हापासून ती मूळ पुस्तक शोधत राहिली. ठाण्याची, दादरची वाचनालयं तिने पालथी घातली. जुन्या संपादकांना विचारलं. चष्मे विकणारा कावळा? हत्तींची रांग? कुणालाच माहीत नव्हतं. एक ग्रंथपाल तर चिडून म्हणाले, "असं पुस्तक असतं तर मला ठाऊक नसतं का?"

तिचं समाधान झालं नाही. कुणीतरी ते लिहिलं असणारच. तो माणूस तिला दिसायचासुद्धा. सडपातळ, मळकं धोतर, शाईचे डाग पडलेली बोटं. एका खोलीत एकटाच बसलाय, आणि त्याचं पुस्तक कुणी वाचलं हे त्याला कळलेलंच नाही. आता पाठ्यपुस्तक लाखभर घरांत जाणार. एखाद्या घरात नातू मोठ्याने वाचणार आणि खाटेवरचा म्हातारा उठून बसणार. अरे, हे तर माझं.

चार वाजता तिने तो कागद घडी न घालता पिशवीत ठेवला आणि सारसोळ्याची वाट धरली. पुस्तक कुठून आलं हे आईला तिने कधीतरी विचारलं होतं, आणि "रद्दीतला" एवढं उत्तर आलं होतं. आज नीट विचारायचं होतं. कुठला दुकानदार, कुणाची रद्दी, काहीतरी धागा. नाहीच मिळाला तर पाठ्यपुस्तक समितीला खरं काय ते कळवायचं आणि नऊच्या नऊ आवृत्त्यांवर पाणी सोडायचं. मनाशी तिने हे ठरवलं होतं.

बिल्डिंगांची शेवटची रांग संपली की गाव लागायचं. खाडीच्या बाजूला नव्या रस्त्याची भरणी चालली होती, तरी भरतीचा वारा तिथून वाट काढून यायचाच. ऊन कलतं होतं. येसूबाई, तिची आई, ओट्यावर पाय पसरून सुपात जवळा निवडत बसली होती. वय पंचाहत्तर, पण बोटं चालत होती ती बघत राहावी अशी.

"कवा आयलीस गो गोजरा? च्या टाकू?"

"नको. बस तू." नंदिनीने कागद पिशवीतून काढून ओट्यावरच्या खाटेवर ठेवला, त्यावर चष्म्याचं घर ठेवलं, आणि आईच्या पुढ्यात बसली. "आई, मी लहान असताना एक पुस्तक होतं बघ आपल्याकडे. होडीतली मुलगी होती त्यात."

"हां. जाल्यांवर लोलत वाचायचीस ता."

"ते कुणाच्या रद्दीतून आलं होतं? दुकान आठवतं का? नाव वगैरे?"

"कनच्या दुकानाचा म्हनून सांगू?" येसूबाईने सुपातला एक काटा वेचून बाजूला टाकला. "धा दुकानांचा असंल. एकेक पान एकेकीकरचा."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? ता काय इकत आनलेला व्हता? मीच शिवला ना ता."

आईला त्यात विशेष काही सांगितलंसं वाटत नव्हतं. ती जवळा निवडतच होती.

"तुजा बापूस गेला," येसूबाई म्हणाली, "आनि तू बोलायचीच बंद झालीस. आठवतंय का तुला?"

आठवत होतं, पण धुक्यातलं. बाबा होडी घेऊन गेले ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी न्हाव्याच्या बाजूला होडी सापडली. रिकामी. पुढचे काही महिने तिला नीट आठवत नव्हते.

"हूं नाय की चू नाय. भगत केला, डागदर केला. कायव केला तरी त्वांड उगडीनास. रद्दीन कवा चित्राचा पान निंगाला का तेवडा मातर बगत रावायचीस. मंग मी चित्राची पाना पुडीला नाय घेतली. ठेवत गेली. पावसाल्यात धंदा बंद, हात रिकामं. बापसाची जाला शिवायची सुई व्हती, दोरा व्हता. बसली शिवत."

"पण क्रम?" नंदिनीचा आवाज तिलाच परका वाटला. "कुठल्या पानानंतर कुठलं, ते कसं ठरवलंस?"

"मना वाचता कुटं येतंय?" येसूबाई जरा लाजली. एवढ्या वर्षांत नंदिनीने तिला असं लाजताना पाहिलं नव्हतं. "सुर्य बगून लावली. पयली सकालची चित्रा, मंग दुपारची, मंग सांजची. दिवस जसा जातो तसाच पुस्तक जात असंल, असा वाटला मना. चुकला काय?"

"नाही."

"आनि पोर असंल त्या चित्रान तर ती एकच पोर धरली. कोनाची का असंना."

मळक्या धोतरातला तो माणूस आपल्या खोलीतून उठला, दार ओढून घेतलं आणि शांतपणे निघून गेला. त्याच्या खुर्चीवर आता तीस वर्षांची एक बाई बसली होती. बाहेर पाऊस, हातात जाळ्याची सुई. एका पानावरची चंपा, दुसऱ्यावरची सोनपरी, तिसऱ्यावरची कमळजा, साऱ्या अनोळखी पोरी ती एकाच दोऱ्यात ओवत होती, आणि तिची स्वतःची पोर कोपऱ्यात मुकी बसली होती. ही गोष्ट त्या पानांवर कुणी लिहिलेलीच नव्हती. ती टाक्यांमधून झाली होती. इतकी वर्षं आपण दादर-ठाणे पायाखाली घातलं, आणि ती बाई इथे सुपात जवळा निवडत बसली होती. नंदिनीला स्वतःचा राग आला आणि रडूही आलं, आणि दोन्हींपैकी आधी काय करावं हे कळेना.

"काय व्हता गो त्यान?" येसूबाईने विचारलं.

"कशात?"

"पुस्तकान. तू वाचायचीस, पन मनातल्या मनान. मोट्यान कवा वाचलंच नायस. मी पन नाय ईचारला. म्हटला, पोर पुना गप व्हायची."

बावीस पुस्तकं लिहून झाली होती. शाळाशाळांतून, माईकवरून, अनोळखी पोरांच्या पुढ्यात ती ही गोष्ट सांगत हिंडली होती. आईला तिने ती कधी सांगितली नव्हती. नंदिनीने डोळे पुसले, मांडी घातली आणि सांगायला सुरुवात केली. चंपा, होडी, पाण्याला टेकलेला सूर्य. येसूबाईची बोटं थांबली. कावळ्याला ती खुदकन हसली, राजाला "मेला येडाच" म्हणाली. उन्हाचा पट्टा ओट्यावरून उतरून अंगणात गेला. भरती लागली असावी, भरणीच्या मातीपलीकडून पाण्याचा आवाज यायला लागला होता.

"मग सांज झाली. सगळ्या होड्या परत निघाल्या," नंदिनी म्हणाली आणि थांबली. "इथवरच होतं आई तुझ्या पुस्तकात. पुढची पानं नव्हती."

"व्हता एक पान." येसूबाई सुपाकडे बघत होती. "रातचा. चांद व्हता वर. होरी किनाऱ्याला लागलेली. पन होरीन कोन नव्हता."

नंदिनीने सुपातला एक काटा वेचून अंगणात टाकला.

"तो मी नाय शिवला," येसूबाई म्हणाली. "जवला बांधला त्यान, आनि दिला कोनालातरी."

मग तिनेच विचारलं, "मंग तुज्या गोस्टीन काय व्हतं? होरी रिकामी येतंय?"

"नाही आई. मुलगी असते होडीत."

"बाकीच्या गोस्टीन?"

नंदिनीने आठवून पाहिलं. एकेक पुस्तक, एकेक शेवट. तिच्या सगळ्या गोष्टी तिन्हीसांजेला संपतात आणि सगळे जण घरी पोचतात, म्हणून एका समीक्षकाने तिची थट्टा केली होती. तिचं तिलाही कधी उमगलं नव्हतं की असं का.

"कुठल्याच गोष्टीत येत नाही," ती म्हणाली.

"बरा झाला," येसूबाई म्हणाली आणि सूप पुढे ओढलं. "थांब, थोरा जवला नेस. जावयाला आवरतो."

ती उठून आत गेली. बांधाबांध करून तिने पुडी लेकीच्या पिशवीत घातली, तोवर नंदिनी अंगणाच्या कडेला उभी राहून खाडीच्या बाजूला बघत होती. मनाने ती अजून जाळ्यांच्या ढिगावरच होती. चष्म्याचं घर तेवढं तिने खाटेवरून उचललं.

पुडीकडे तिचं लक्ष गेलं ते घरी, स्वयंपाकाच्या ओट्याशी. रामचंद्र, तिचा नवरा, न्हावा शेव्याहून, कामावरून यायचा होता. वाटी घेऊन तिने पुडी सोडली आणि हात तसाच राहिला. जवळ्याखालून शब्द वर आले. 'प्रस्तुत कथा ही लेखिकेची.'

"आई गं!" ती मोठ्याने म्हणाली, आणि मग जी हसायला लागली ती थांबेना.

जवळा तिने वाटीत काढला, कागद झटकला, फडक्याने पुसला, टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला. मधोमध ओला पिवळा डाग पडला होता. कोरा कागद मागवता आला असता. एक फोन करायचा, पोस्टात हरवला म्हणायचं. ह्या बाबतीत तिचा हातखंडा होता, जन्मभर तिने दुसरं केलं काय होतं? तिने पेन उघडलं आणि सही केली. हात जड झाला नाही. सहीच्या खाली रिकामी जागा होती, तिथे तिने नीट अक्षरात आणखी एक ओळ लिहिली. 'पानांचा क्रम लावला: येसूबाई, मु. सारसोळे.'

दुसऱ्या दिवशी उत्कर्षा शाळेतून परस्परच आली, दप्तरासकट.

"आवडतं पुस्तक?"

"माझ्या आईने केलेलं. त्याला नाव नव्हतं. एकच प्रत होती, ती हरवली."

उत्कर्षाने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "हे चालेल ना? बाई विचारतील, लायब्ररीत आहे का."

"नाही म्हणून सांग. आणि कालची पुरणपोळी काट. जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी लिही."

"भित्तिपत्रकात?" उत्कर्षाचे डोळे मोठे झाले, पण तिने काट मारली. "आणि माझा प्रश्न? हाक कुठल्या नावानं मारते?"

"गोजरा."

"हे असलं नाव? गोष्टीत तर कुठेच नाहीये."

"नाहीच आहे. ते फक्त तिच्या आईला माहीत असतं."

उत्तर पटल्यासारखं उत्कर्षाने मान हलवली आणि वही बंद केली. मग तिचं लक्ष टेबलावर वाळत ठेवलेल्या कागदाकडे गेलं. तिने वाकून पाहिलं, आणि तिचं नाक आपसूक आक्रसलं.

"काकू, ह्या कागदाला वास येतोय."

पाचवीतला तो वर्ग नंदिनीला लख्ख दिसला. बाकं, खिडकी, नाक दाबलेली ती मुलगी.

"येऊ दे," ती म्हणाली, आणि कागदाची घडी घालून पाकिटात सरकवला.